मागच्या कोपऱ्यातली काळी माती

आपल्या सोसायटीच्या मिनिट्स बुकात भाजीबागेचा पहिला उल्लेख आहे तो तक्रार म्हणून. सातव्या वर्षीची वार्षिक सभा, शेवटचा विषय, 'आयत्या वेळचे विषय'. त्यात लिहिलंय : "मागील बाजूस गांडूळखताच्या खड्ड्याजवळ काही सभासदांनी विनापरवानगी खणून ठेवले आहे, त्यामुळे डास होतात, तरी समितीने लक्ष घालावे." खाली सेक्रेटरीची सही. ती सही माझी आहे, आणि ज्या 'काही सभासदां'विरुद्ध तक्रार होती त्यांतला एक मीच होतो.

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे स्मरणिका समितीने "सर, तुम्ही सोसायटीचा इतिहास लिहा" म्हटल्यावर मी आधी कपाटातल्या फायली काढल्या. लिफ्ट कधी बसली, रंग कधी दिला, पाण्याच्या टाकीचं भांडण किती वर्षं चाललं, हे सगळं त्यांत तारीखवार आहे आणि ते इतर मंडळी या अंकात लिहीतच आहेत. मी मात्र मागच्या कोपऱ्यातल्या त्या वाफ्यांबद्दलच लिहिणार आहे. कारण कागदोपत्री जे आहे आणि प्रत्यक्षात जे झालं, यांत सगळ्यात जास्त अंतर तिथेच आहे.

सुरुवात जरा मागून करतो.

आपली इमारत उभी आहे ती सिंहगड रस्त्यालगतची जमीन एके काळी कालव्याच्या पाण्याखालची बागाईत होती. खडकवासल्याचं धरण 1879 च्या सुमारास पुरं झालं. इंग्रजांनी तलावाला 'लेक फाईफ' असं आपल्या इंजिनियरचं नाव दिलं होतं. मुठेचा उजवा कालवा तिथून निघतो, पर्वतीच्या पायथ्यावरून, स्वारगेटजवळून हडपसरकडे जातो. आज त्या कालव्याकडे आपण नाक धरून बघतो, पण पुणे शहराच्या ताटातली भाजी कैक वर्षं त्याच पाण्यावर पिकली.

गंमत म्हणजे पाणी आलं म्हणून शेतकरी लगेच धावले असं नाही. पावसावरची शेती करणाऱ्याला बारमाही पाण्याची शेती म्हणजे नवशिक्याचंच काम. पाणी किती द्यायचं, पट्टी किती पडणार, जमीन बिघडेल का, हजार शंका. महात्मा फुल्यांनी मांजरीजवळ जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर बागाईत करून दाखवली, ती या पार्श्वभूमीवर. फुल्यांचे वडील गोविंदराव भाजीपाल्याचं दुकान चालवत, म्हणजे घराला भाजीचा धंदा नवा नव्हता. 'शेतकऱ्याचा आसूड' 1883 सालचा. त्यातलं मातीबद्दलचं आणि पाण्याबद्दलचं बोलणं हे स्वतः हात घातलेल्या माणसाचं आहे, हे मला शाळेत शिकवताना कधी नीट जाणवलं नव्हतं. परीक्षेला 'आसूड कोणी लिहिला' एवढंच विचारायचो.

याच बागाईतीची भाजी जिथे विकायला जायची ती मंडई 1886 मध्ये उघडली, तेव्हाचं नाव 'रे मार्केट'. फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. सभेत विरोधात मत देणाऱ्या सभासदांनी हे लक्षात ठेवावं. पन्नास वर्षांनी काय होईल सांगता येत नाही.

तर अशा जमिनीवर आपण राहायला आलो. आणि आल्यावर सहा वर्षं कुणालाही भाजी लावावीशी वाटली नाही. पुढे बिल्डरने लावून दिलेली मेंदीची कुंपणं, दोन अशोक, एक चाफा, मागे राडारोडा. बागेची खरी सुरुवात झाली ती निसर्गप्रेमातून नाही हे स्पष्ट लिहितो. महापालिकेने गांडूळखत प्रकल्प, सौर ऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं असं काही करणाऱ्यांना मिळकतकरात सूट ठेवली होती; एक केलं तर 5 टक्के, दोन केली तर 10. आपण विटांचा खड्डा बांधला, गांडुळं आणली, फोटो काढला, अर्ज केला. सूट मिळाली. पण गांडुळांना काही तो फोटोपुरता कार्यक्रम आहे हे कळलं नाही. ती आपलं काम करत राहिली आणि चार-पाच महिन्यांत पोत्यांनी खत तयार झालं. आता याचं करायचं काय? फेकायला जीव होईना, आणि कुंड्यांत किती घालणार? मग बी विंगमधल्या काकू, तेव्हाचे खजिनदार आणि मी, अशा तिघांनी एका रविवारी खड्ड्याशेजारी खणायला घेतलं.

आम्ही तिघेही पक्के नवशिके. काकूंचं माहेर कोकणातलं, त्यामुळे "परसदारी काय, काहीही टाकलं की येतं" हा त्यांचा विश्वास. खजिनदार बँकेत, ते बियांच्या पाकिटावरच्या सूचना मोठ्याने वाचायचे. मी पुस्तकं आणली. आम्ही एकाच दिवशी टोमॅटो, कोबी, गाजर, भेंडी, कोथिंबीर आणि मेथी पेरली. महिना कुठला? वैशाख! कोबी आणि गाजर वैशाखात! धने न रगडता तसेच टाकले. बी बोटभर खोल पुरलं, कारण खोल पुरलं की घट्ट धरेल असं आम्हाला वाटलं. रोज दोनदा पाणी. तीन आठवड्यांत उगवलं ते फक्त गवत, आणि पाण्यात डास. वर उल्लेख केलेली तक्रार त्याच महिन्यातली.

परसबाग ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही, हे आपण विसरलोय, एवढंच. पुण्याच्या वाड्यांत मागे मोरीचं पाणी जिथे वाहून जाई तिथे केळी आणि अळू ठरलेलं. सांडपाण्याची व्यवस्था म्हणा, भाजीची सोय म्हणा. कोकणात मांडवावर पडवळ, दोडका, काकडी. घाटावर शेताच्या कडेला घरच्यापुरतं माळवं. आणि याचा सगळ्यात जुना पुरावा आपल्या घराघरांत दर वर्षी भाद्रपदात शिजतो. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही. नांगर न लावता, हाताने खणून वाढवलेलंच चालतं. म्हणजे काय? परसातलं. अळू, लाल माठ, भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, सुरण, मक्याची कणसं, अंबाडी. ऋषीच्या भाजीची यादी म्हणजे पावसाळी परसबागेची यादीच आहे. आज आपण तीच भाजी मंडईतून चढ्या भावाने आणतो, आणि ती पिकवताना ट्रॅक्टर लागला की बैल, हे कोण विचारतो!

तसंच वांग्याचं. कांदेनवमी झाली की चातुर्मासात वांगं बंद, ते चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सुरू. श्रावणात वांग्याचं रोप लावा आणि दिवस मोजा. मार्गशीर्षात पहिली वांगी बरोबर हाताशी येतात. धर्मशास्त्र काय म्हणतं ते जाणकार सांगतील, मला मात्र यात कुणातरी हुशार बाईचं बागेचं वेळापत्रक दिसतं.

अर्थात परसातलं सगळं काही आपलं नाही. वांगं आणि काकडी इथली. मिरची, बटाटा, टोमॅटो, लाल भोपळा हे सगळे अमेरिका खंडातले. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतलं, त्यानंतर त्यांच्या गलबतांतून मिरची आली आणि दोन-तीनशे वर्षांत अशी रुजली की ठेचा हा आपल्याला शिवकालापूर्वीचा वाटतो. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज, 'कोबी'सुद्धा त्यांच्या 'कोव्ह'वरून. टोमॅटो तर फारच उशिरा स्वयंपाकघरात शिरला. विदर्भाकडे अजून जुनी माणसं त्याला भेदरं म्हणतात. माझी आजी टोमॅटोला शेवटपर्यंत शिवली नाही, तो कापला की मांसासारखा दिसतो म्हणे. आणि आमच्या नवशिक्या बागेत सगळ्यांना पहिल्यांदा लावायचा होता तो टोमॅटोच!

शहरातल्या माणसाने भाजी लावावी असं सरकारने पहिल्यांदा जोरात सांगितलं ते दुसऱ्या महायुद्धात. ही कथा मला फार विलक्षण वाटते. 1939 च्या ऑक्टोबरात इंग्लंडचे शेतीमंत्री सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी रेडिओवरून लोकांना आवाहन केलं की अंगणं, मैदानं, जिथे जागा असेल तिथे खणा आणि भाजी लावा. 'विजयासाठी खणा' अशा अर्थाची घोषणा देशभर गाजली. लंडनच्या हाईड पार्कात भाजीचे वाफे झाले. लंडनच्या किल्ल्याच्या खंदकातसुद्धा भाजी लावली. ज्यांनी जन्मात कुदळ धरली नव्हती अशा कारकुनांना, शिक्षकांना सरकार पत्रकं काढून शिकवत होतं की बटाटा किती अंतरावर लावायचा.

हेच डॉर्मन-स्मिथ 1941 मध्ये ब्रह्मदेशचे गव्हर्नर झाले. 1942 मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, गव्हर्नरसाहेबांना हिंदुस्थानात पळून यावं लागलं, आणि त्यांच्यामागे ब्रह्मदेशचा तांदूळही आपल्याला बंद झाला. त्या टंचाईतून, आणि त्याहून जास्त सरकारच्या वागण्यातून, 1943 चा बंगालचा दुष्काळ झाला. त्यात लाखो माणसं मेली. मुंबईत त्याच वर्षी रेशनिंग आलं. आणि सरकारने आपल्याकडेही मोहीम काढली, 'अधिक धान्य पिकवा'. एकाच माणसाच्या चरित्रात इंग्लंडच्या परसबागा आणि आपली रिकामी तांदळाची कोठी, दोन्ही आहेत. शाळेच्या पुस्तकात हे येत नाही.

'अधिक धान्य पिकवा'चं फळ किती मिळालं हा वादाचा विषय आहे. पण त्या दिवसांतल्या चाळींच्या गॅलऱ्या डोळ्यांपुढे आणा. सहकारी गृहनिर्माण आपल्याकडे तोवर पंचविशी ओलांडून गेलं होतं. मुंबईत गावदेवीची सारस्वत सोसायटी 1915 ची, रावबहादूर तल्मकींच्या पुढाकाराने झालेली. पण बहुतेक माणसं चाळीत, आणि चाळीत जमीन कुठली? मग पत्र्याचे डबे आले. रॉकेलचा चौकोनी डबा, आणि 1937 नंतर डालड्याचा. खाली खिळ्याने भोकं पाडली की झाली कुंडी. तुळस, ओवा, गवती चहा, मिरचीचं एखादं झाड. आपल्या सगळ्यांच्या लहानपणी गंजलेला डालड्याचा डबा आणि त्यात एक तरी मिरची होतीच. तो आपला पहिला मळा. 'किचन गार्डन'ची पुस्तकं घेताना हे मला आठवलं नाही, याची आता लाज वाटते.

पुढे 1965 चं युद्ध आणि लागोपाठचे दुष्काळ. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं आणि स्वतःच्या सरकारी बंगल्याच्या हिरवळीवर नांगर फिरवला. ज्येष्ठ सभासदांना रेशनवरचा मिलो आठवत असेल. आमच्या घरी त्याची भाकरी थापता थापता आई रडकुंडीला यायची.

आता परत आपल्या मागच्या कोपऱ्यात येऊ.

आमचं ते गवत बघून हसल्या त्या मावशी. नाव घालणार होतो, पण "नाव नका घालू सर, लोक उगा इचारत बसत्यात" असं त्यांनीच बजावलं, म्हणून मावशीच लिहितो. तुम्ही सगळे त्यांना ओळखता. तेव्हा त्या जिने पुसायच्या आणि चार घरची भांडी करायच्या. बादली खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आवं, हितं काय उगवणार? काळी माती तुमच्या बिल्डिंगच्या खड्ड्यातनं टरकानं गेली. ह्यो निस्ता मुरूम हाय."

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत. तर म्हणाल्या, "माझा सासरा वाट्यानं करत व्हता की हे रान."

सहा वर्षं त्या आपले जिने पुसत होत्या आणि आपल्याला हे माहीत नव्हतं. आपल्या इमारतीखालच्या जमिनीत त्यांचे सासरे वाटेकरी होते. कालव्याचं पाणी, मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर, वांगी. पहाटे सायकलवरून माल मंडईत. जमीन मालकाने बिल्डरला दिली. पैसे मालकाला मिळाले, आणि वाटेकऱ्याचा सात-बाऱ्यावर कुठे उल्लेखच नव्हता. मावशी लग्न होऊन आल्या तेव्हा याच रानात खुरपायला यायच्या. त्यांनी मला हाताने दाखवलं, विहीर कुठे होती ते. ए विंगच्या पार्किंगमध्ये क्रमांक 4 च्या खाली! मिनिट्स बुक बघा : आपण दोन बोअर मारल्या, पहिली फेल गेली, दुसरीला कसंबसं पाणी लागलं. पाणाड्याला पैसे दिले, मशिनवाल्याला दिले. जिच्या सासऱ्याने त्या रानाला जन्मभर पाणी धरलं, ती बाई त्याच वेळी जिना पुसत होती, आणि तिला कुणी विचारलं नाही.

त्यानंतर बाग मावशींच्या सांगण्यावर चालली. आधी त्यांनी आम्हाला बी पेरूच दिलं नाही. दोन महिने फक्त माती केली. मुरूम हातभर खोल काढला, खाली वाळका पाला, नारळाच्या शेंड्या, उसाच्या रसवाल्याकडची चिपाडं, वर शेणखत, वर आपलं गांडूळखत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावली कुठे कुठे फिरते ते त्यांनी काठ्या रोवून बघितलं. सी विंगची सावली दुपारी तीननंतर येते, म्हणजे पाच तास ऊन मिळतं, "पालेभाजीला लई झालं" असा निकाल दिला. टोमॅटो यंदा नाही म्हणाल्या. आमचे चेहरे पडले.

मी तेव्हा श्रीपाद अच्युत दाभोलकरांचं 'विपुलाच सृष्टी' वाचत होतो. कोल्हापूरचे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि तासगावच्या द्राक्षवाल्यांपासून गच्चीवरच्या बागवाल्यांपर्यंत हजारो लोकांना स्वतः मोजून, नोंदून शेती करायला शिकवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपण पिकवतो ते ऊन. पान हे ऊन साठवण्याचं यंत्र, तेव्हा किती पान किती उन्हात आहे ते मोजा, आणि कचरा म्हणून जे फेकता तीच माती आहे. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशींनी चिपाडं आणि पालापाचोळा पिशव्यांत, पिंपांत भरून गच्चीवर मळा केला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर 2002 पासून प्रीती पाटील यांनी खरकट्यातून अख्खी बाग उभी केली. मी हे सगळं मावशींना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग मी काय करतीया?" खरंच होतं. काठ्या रोवून त्यांनी ऊनच मोजलं होतं, आणि चिपाडं आणायला मला रसवाल्याकडे पाठवलं होतं.

दसऱ्याच्या आसपास मेथी पेरली. बी रात्रभर भिजवून, विरळ टाकून, वर नखभर माती. चौथ्या दिवशी वाफा हिरवा दिसायला लागला. धने या वेळी चपलेखाली रगडून दोन केले होते, तरी कोथिंबिरीने दहा दिवस लावले आणि मी रोज जाऊन माती उकरून बघायचो, त्यावर मावशींची बोलणी खाल्ली. सत्ताविसाव्या दिवशी मेथी उपटली. 48 फ्लॅट आणि मेथी साधारण वीस जुड्यांची. मग अर्धी अर्धी जुडी करून ज्यांनी दार उघडलं त्यांना दिली. तक्रार करणाऱ्या सभासदांच्या घरी मी स्वतः गेलो. त्यांनी जुडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "पुढची कधी?" डासांचा विषय पुन्हा सभेत आला नाही.

त्या पुढची सहा-सात वर्षं बागेची सुखाची. सुखाच्या काळाबद्दल लिहायला फारसं नसतं, इतिहासाचा हा जुनाच दोष आहे. भेंडी, गवार, घेवडा, लाल माठ, कंपाउंडवर दुधी. दुधीला नुसतीच फुलं यायची, फळ धरेना, तेव्हा मुलांनी संध्याकाळी नर फूल तोडून मादी फुलाला टेकवलं, आणि विज्ञानाच्या पुस्तकातलं परागीभवन त्यांना त्या दिवशी समजलं. मावावर राखेचं पाणी, पिठ्या ढेकणावर निंबोळी अर्क. दोन टोमॅटोची झाडं करप्याने गेली, तिसरं टिकलं. मावशींनी शेवग्याची फांदी आणून खोचली होती, तिचं झाड होऊन शेंगा लागल्या. ऋषिपंचमीला अख्ख्या सोसायटीची एकत्र भाजी व्हायला लागली. ती प्रथा तेव्हाची.

आता जे लिहायचं ते मिनिट्समध्ये एका ओळीत आहे. "मागील मोकळ्या जागेपैकी निम्म्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवून सहा वाहनांसाठी पार्किंग करण्याचा ठराव, अनुकूल 17, प्रतिकूल 17, सभाध्यक्षांच्या निर्णायक मताने मंजूर." त्या वर्षी सभाध्यक्ष मी होतो.

गाड्या वाढल्या होत्या हे खरं. रोजची भांडणं होती हेही खरं. सभेत मी म्हटलं की निम्मी बाग तरी राहतेच आहे. म्हटलं नाही ते एवढंच, की माझ्या मुलाने महिन्यापूर्वी गाडी बुक केली होती. क्रमांक 33 आमचा आहे. ब्लॉक बसले ते नेमके चांगल्या निम्म्यावर, जिथे सात वर्षं माती केली होती तिथे. शेवग्याचा स्वभाव असा की बुंधा राहिला तर पुन्हा फुटतो, म्हणून ठेकेदाराने बुंधाही उपटला. मावशी त्या दिवशी कामाला आल्या होत्या. त्यांनी काळी माती घमेल्यांनी उरलेल्या निम्म्यावर नेऊन टाकली, एकटीने, दुपारभर. मी वरून खिडकीतून बघत होतो आणि खाली गेलो नाही. त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. ही जमीन त्यांच्या हातून दुसऱ्यांदा गेली, हे माझ्या लक्षात आलं ते खूप नंतर.

2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि आपण फाटकावर पाटी लावली, की घरकाम करणाऱ्यांना आत प्रवेश नाही. त्या महिन्यांचा पगार काही घरांनी पूर्ण दिला, काहींनी निम्मा, काहींनी नाही. याची नोंद मिनिट्समध्ये नाही, म्हणून इथे करून ठेवतो. भाजीवाला येईना, तेव्हा सगळ्यांना बाग आठवली. ज्यांनी कधी खुरपं धरलं नव्हतं ते मास्क लावून वाफ्याशी उभे, आणि मी स्पीकरवर फोन धरून. पलीकडून मावशी सांगायच्या : उन्हाळा हाय, मेथी नका टाकू, चवळी टाका, माठ टाका, पाणी सांजच्याला. स्वतःच्या घरी त्यांचं काम बंद, आणि त्या आपल्याला भाजी शिकवत होत्या. त्या उन्हाळ्यात माठाच्या किती काढण्या झाल्या ते मी वहीत लिहून ठेवलंय : चार. जून संपताना काकूंनी स्वतः घरोघर फोन करून राहिलेला पगार गोळा केला. सगळा जमला नाही.

आता जिन्यांचं काम मावशींच्या सुनेकडे आहे. बागेची देखभाल म्हणून मावशींना सोसायटीतर्फे मासिक मानधन सुरू झालंय, आणि तो ठराव एकमताने झाला, हे मात्र मिनिट्समध्ये आहे. पार्किंगच्या त्या सहा जागांचं काय करायचं, हा विषय मी येत्या सभेसाठी लेखी दिला आहे. मुलगा आता पुण्यात नाही, गाडी विकली, त्यामुळे क्रमांक 33 रिकामाच असतो. बाकीच्या पाचांचा निर्णय ज्यांचा त्यांनी घ्यावा. फक्त ब्लॉक काढले तर खाली पुन्हा मुरूमच निघणार, आणि माती करायला दोन पावसाळे लागतील, असं मावशींचं म्हणणं आहे.

यंदाचा मेथीचा वाफा कंपाउंडच्या भिंतीकडे, दुधीच्या मांडवाशेजारी. बी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी, सकाळी सात वाजता. ज्यांनी आजवर काहीच लावलेलं नाही त्यांनी आवर्जून यावं. बी काकूंकडे भिजत टाकलेलं असेल. खुरपी चारच आहेत, तेव्हा असेल तर घरून आणावं.